कांदेनवमीपर्यंत कांदा बर्गर: प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२५

८ जून
दादाच्या बेकरीसमोरच्या सहा फुटी जागेत संध्याकाळी बर्गर सुरू करायचे, हे आज पक्कं झालं. पाव घरचा, भट्टी घरची, म्हणजे अर्धं काम झाल्यातच जमा, असं दादा म्हणाला. मला ते पटलं नाही. लादी पाव चहात बुडवायला किंवा मिसळीचा रस्सा टिपायला बनवलेला असतो. बर्गरच्या पावाला रस धरायचा असतो आणि तरी हातात तुटायचं नसतं.

मुदत ४ जुलै, आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी. दोन दिवसांनी आषाढी एकादशी आणि चातुर्मास. आजही आमच्या गल्लीत पाच-सहा घरांत त्यानंतर चार महिने कांदा येत नाही, म्हणून नवमीला कांद्याचं सगळं करून खातात: भजी, थालीपीठ, भरले कांदे. त्या दिवशी पहिला बर्गर कांद्याचाच विकायचा. नाशिक जिल्ह्यात राहून बर्गरमध्ये कांदा नुसता दोन चकत्यांपुरता घालणं मला बरं वाटत नाही.

११ जून
दोन दिवस फक्त वाचन. 'प्रकार' म्हणजे सॉस बदलणं, अशी माझी समजूत होती, ती बदलली.

कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथलं 'लुईज लंच' १९०० पासून हॅम्बर्गर करतो असं सांगतं. तिथे गोल पाव नाहीच, भाजलेल्या ब्रेडचे दोन तुकडे. मांस बिडाच्या उभ्या गॅस शेगडीत जाळीत धरून दोन्ही बाजूंनी एकदम भाजतात. केचप मागितलं तर देत नाहीत. त्याच राज्यात मेरिडेन गावी मांस आणि चीज दोन्ही वाफवतात, तवा लागतच नाही. कॅन्ससमधल्या विचिटा इथे १९२१ मध्ये वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्राम यांनी 'व्हाइट कॅसल' काढलं. पाच सेंटला एक, छोटा चौकोनी बर्गर. मांस कांद्याच्या थरावर ठेवायचं, पाव त्याच्याच वर, आणि खालून येणाऱ्या कांद्याच्या वाफेवर सगळं शिजवायचं. मिनियापोलिसमध्ये चीज वर न घालता टिक्कीच्या पोटात भरतात. नाव 'जुसी लुसी', आणि पहिला कुणी केला यावर तिथल्या दोन बारमध्ये अजून वाद आहे. मिसिसिपीतल्या कॉरिंथ गावचा 'स्लगबर्गर' म्हणजे मांस पुरवठ्याला यावं म्हणून त्यात पीठ किंवा सोयाबीनचा भरडा मिसळून तेलात तळलेली टिक्की.

आणि ओक्लाहोमातलं एल रीनो. रेल्वेचं गाव, पुढे रूट ६६ त्याच्यातून गेला. १९२० च्या दशकात तिथल्या छोट्या खानावळींनी महाग मांस कमी केलं आणि स्वस्त कांदा वाढवला. कागदासारखा पातळ कांदा मूठभर घेऊन मांसाच्या गोळ्यावर ठेवायचा आणि कलथ्याने तव्यावर दाबायचा. कांदा मांसात रुततो. उलटल्यावर खाली जातो आणि मांसाच्या चरबीत तपकिरी होतो. हे गरजेपोटी सुरू झालं, दिवस पालटल्यावरही गावाने सोडलं नाही. आज ते मे महिन्यात त्याचा उत्सव करतात.

सगळ्यांत पदार्थ तेच दोन: खिमा आणि पाव. फरक आहे तो आच कुठून लागते आणि त्या गावात काय स्वस्त होतं याचा. दादाला मी एवढंच सांगितलं की मेनूवर आठ सॉसचे आठ बर्गर नकोत; तीन करू, पण तिन्ही वेगळ्या रीतीने शिजलेले असतील. तो म्हणाला, "गिऱ्हाइकाला रीत दिसत नाही, फोटो दिसतो." बरोबर आहे. पण पहिल्या घासानंतर फोटो कुणाला आठवत नाही.

१४ जून
बन, दुसरी खेप. पहिली कोरडी झाली होती, लिहिण्यासारखं काही नाही.

मैदा १००० ग्रॅम, त्यातला ६० ग्रॅम बाजूला काढून ३०० ग्रॅम पाण्यात मंद आचेवर खळीसारखा शिजवला. ही चिनी-जपानी पावाची रीत. साधारण ६५ अंशाला पिठातला स्टार्च फुगून पाणी धरतो आणि ते पाणी भाजल्यावरही पावात राहतं. साखर ८०, लोणी ८०, दूध पावडर ३०, मीठ १८, यीस्ट १०. कागदावर एकूण पाणी ६२० होतं, पण कालपासून झड लागली आहे आणि पोत्यातला मैदाच ओलसर, ६०० मध्ये गोळा मऊ आला. ७५ ग्रॅमचे २४ गोळे. १९० अंशाला १४ मिनिटं.

दादाने गोळे वळले. वीस वर्षांचा हात. माझे चार गोळे फुगल्यावर एका बाजूला कलले, त्याचे वीस सरळ उभे. खालचा शिवण नीट मिटला नाही की बन फाटतो, हे त्याने दाखवलं. बर्गरमध्ये ते फार महत्त्वाचं आहे, कारण रस खालूनच गळतो.

चाचणी: बन मधोमध कापला, आतली बाजू लोण्यावर भाजली, वर दोन चमचे गरम पाणी ओतलं, एक मिनिट थांबून उचलला. भाजलेला टिकला, न भाजलेला हातात विरघळला. म्हणजे भाजणं चवीपुरतं नाही, ती आतून बसवलेली गळतीरोधक कडा आहे. कामगाराला नेमकं हेच शिकवायचं.

१७ जून
चिकनचा खिमा, पहिली चाचणी. फसली.

छातीचं मांस घेतलं, मीठ, मिरी, आलं-लसूण घालून चांगलं मळलं आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं. कबाबाची सवय. तव्यावर गोळा दाबला तर रबरासारखा मागे आला, आणि शिजल्यावर घास सॉसेजसारखा लवचीक, कोरडा. कारण उघड आहे: मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटतात आणि एकमेकांना चिकटतात. कबाबाला सळईवर टिकायचं असतं, म्हणून तिथे ते हवं. बर्गरला विसविशीत राहायचं असतं. मीठ तव्यावर पडल्यावर, वरून.

दुसरं कारण चरबी. अमेरिकन बीफ बर्गरच्या खिम्यात साधारण वीस टक्के चरबी धरतात. एल रीनोतला कांदा तपकिरी होतो तो त्या चरबीत. छातीच्या मांसात ती नावालाही नाही.

१९ जून
चिकनवाल्याकडे तंगडीचं मांस कातडीसकट मागितलं. त्याने दोनदा विचारून खात्री केली, कारण आपल्याकडे सगळे कातडी काढूनच नेतात. ८५० ग्रॅम मांस, १५० ग्रॅम कातडी, मांस गार असताना जाड जाळीतून एकदाच काढलं. न मळता, न दाबता ७० ग्रॅमचे सैल गोळे.

बिडाचा तवा कडकडीत तापवला, गोळा ठेवला, बटर पेपर घालून कलथ्याने पाच-सहा मिलिमीटरपर्यंत दाबला. चिकटला नाही. दोन मिनिटांत कडा जाळीदार, खरपूस. हाच तो मांस आणि पाव भाजताना येणारा तपकिरी रंग, ज्याचं रसायन फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ मध्ये मांडलं. १४० अंशाच्या वर तो झपाट्याने येतो आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत येतच नाही, कारण पाणी १०० च्या पुढे जाऊ देत नाही.

चिकनला आतून ७४ अंश हवेतच, त्यात तडजोड नाही. जाड टिक्कीत ते गाठेपर्यंत बाहेरचं वाळतं. पातळ दाबलेलीत साडेतीन मिनिटांत ७८ आले आणि रस शिल्लक. बीफसाठी निघालेली ही दाबायची रीत चिकनला जास्त लागू पडते, असं माझं आता ठाम मत आहे.

वहिनीने चव घेतली आणि दुसरा मागितला. नोंद करून ठेवते, कारण सतराच्या बर्गरचा तिने दुसरा घास घेतला नव्हता.

२२ जून
निफाडला मामाकडे, कांदा बघायला.

चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, उन्हाळ कांदा आहे. या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि ज्यांचा कांदा शेतात काढून पडला होता त्यांचा भिजला. मामाचा बराचसा आधी चाळीत गेला होता, तरी एका कोपऱ्यातून वास येत होता. मामी आणि दोन बायका सकाळपासून सडका निवडत बसल्या होत्या. एक सडला की शेजारचे दहा घेऊन जातो. मामाने हातात घेऊन दाखवलं: मान बारीक आणि घट्ट मिटलेली असेल तर टिकतो, मान जाड राहिली तर तिथूनच पाणी शिरतं, कोंब फुटतो.

मी विचारलं, "मामा, तव्यावर लवकर लाल व्हायला कुठला नेऊ?" ते म्हणाले, "चाळीतलाच ने. नवा लाल कांदा पाणीच सोडत बसेल. हा दोन महिने सुकलाय." मी त्याचं कारण वहीत लिहून घेतलं होतं, घन पदार्थांचं प्रमाण वगैरे, त्यांनी ते न वाचता सांगितलं.

मध्यम आकाराचा एक क्विंटल घेतला. पैसे घ्यायला तयार नव्हते. लासलगावला त्या दिवशीचा जो भाव होता तोच द्यायचा, हे मी ठरवून गेले होते आणि तसा दिला. या बर्गरचा अर्धा भाग कांदा आहे. तो फुकटात आणून हिशेब मांडला तर सगळा हिशेबच खोटा ठरेल.

२४ जून
कांदा, पाच चाचण्या. आजचा दिवस सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून सविस्तर.

सुरीने चिरलेला, तीन मिलिमीटर: मांसात रुतला नाही, उलटताना निम्मा तव्यावर सांडला. विळीवर वहिनीने चिरलेला: छान पातळ, पण वेग पुरणार नाही. स्लायसरवर दीड मिलिमीटर: बरोबर. चपटा पडतो, ओल्या मांसाला चिकटतो.

प्रमाण: ७० ग्रॅम मांसावर आधी ३० ग्रॅम घातला, दिसलाच नाही. ७० ग्रॅम घातला तेव्हा हातात डोंगर झाला आणि दादा म्हणाला, "एवढा?" शिजल्यावर वजन केलं तर कांदा २५ ग्रॅमच्या आसपास उरला होता. बाकी पाणी वाफ होऊन बनमध्ये गेलं. म्हणून ७० ला ७०.

मीठ लावून पिळून बघितला. लाल लवकर झाला, पण वाफ नाही, म्हणून बन कोरडा, आणि पिळलेल्या पाण्यासोबत गोडवाही गेला. नको. एल रीनोत पिळत नाहीत. का, ते आता कळलं. ते पाणीच वरचा बन मऊ करतं.

क्रम असा ठरला: गोळा तव्यावर, वर कांदा, दाबणे, मीठ. दोन मिनिटं. कलथा तव्याला घासत खालून खरपूस भाग अखंड उचलायचा, उलटायचा. आता कांदा खाली. चीजची चकती. वर बनचा वरचा भाग, त्यावर बनचा खालचा भाग, टोपीसारखा. आच मध्यम, तीन मिनिटं. मग टोपीसारखा ठेवलेला खालचा भाग काढून घ्यायचा आणि बाकीचं सगळं एका झटक्यात उचलून त्यावर ठेवायचं. सॉस नाही. चार पिवळ्या मिरच्यांचं लोणचं, बस.

बाजूच्या दुकानातले दोघं वासाने आत आले. त्यांना दिला. काय आहे ते सांगण्याआधीच एकाने विचारलं, "यात साखर घातलीय का?" घातली नव्हती.

२७ जून
जुसी लुसी करून बघितला. चिकनच्या दोन पातळ टिक्क्यांत चीज, कडा दाबून बंद. आत चीज उकळलं, कड फुटली, चीज तव्यावर जळालं. टाचणीने भोक पाडून वाफ सोडली तर फुटला नाही, पण चिकन आतून ७४ ला येईपर्यंत नऊ मिनिटं लागली. आणि आतलं चीज तोंड पोळेल इतकं गरम. लहान मुलं येणार आहेत. बंद.

२९ जून
शाकाहारी बर्गर. याच्याशिवाय गाडा चालणार नाही, आणि श्रावणात तर फक्त हाच चालेल.

बटाट्याची टिक्की मी सुरुवातीलाच बाजूला ठेवली होती: मऊ बनमध्ये मऊ बटाटा, दाताला काहीच लागत नाही. वडापावात हे जमतं कारण बेसनाचं कुरकुरीत आवरण मध्ये असतं. राजमा घेतला. कुकरमध्ये शिजवून, निथळून, भट्टीत ट्रेवर पंधरा मिनिटं वाळवला. ही पायरी वगळली की टिक्की चिखल होते. अर्धा कुस्करला, अर्धा अख्खा, भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट, जाड पोह्यांची पूड बांधायला. चव चांगली.

पण कांदा बसेना. मांसात तो रुततो कारण कच्चं मांस चिकट असतं आणि शिजताना आवळतं. राजम्याला तसलं काही नाही. दाबलं की टिक्की फुटते, नाही दाबलं की कांदा घसरतो. चार वेळा केलं, चारही वेळा मोडलं. चिडून बसले होते.

आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं, खेकडा भजीचा कांदा कसा धरतो? त्याला मीठ लाव, पाणी सुटू दे, आणि त्याच पाण्यात मावेल तेवढंच बेसन लाव."

केलं. ६० ग्रॅम कांदा, मीठ, दहा मिनिटं. सुटलेल्या पाण्यात १२ ग्रॅम बेसन, तीन ग्रॅम तांदळाचं पीठ, ओवा, चिमूट हळद. वरून थेंबभरही पाणी नाही. तव्यावर तेल सोडून हा कांदा गोल पसरला, त्यावर ८० ग्रॅमची राजम्याची टिक्की ठेवून हलक्या हाताने दाबली, झाकण. चार मिनिटांनी उलटला: कांद्याची जाळीदार, कुरकुरीत चकती, टिक्कीला घट्ट धरलेली.

एल रीनोत जे काम चरबी आणि मांस करतं, ते इथे बेसनाने केलं. मी तीन आठवडे परगावची रीत शिकत होते आणि अडलेली कडी आमच्याच पावसाळी कढईतून निघाली. आईचं नाव मेनूवर घालायचं म्हटलं तर तिने नको सांगितलं. वहीत तरी लिहिते: ही रीत आईची.

१ जुलै
तिसरा प्रकार, वाफेवरचा छोटा. ३५ ग्रॅमचे बन, लादी पावासारखे एकमेकांना चिकटवून भाजलेले. यात दादाचा हातखंडा. पसरट ट्रेमध्ये कांद्याचा थर, थोडं पाणी, वर पातळ चौकोनी टिक्क्या, वर अख्खी बनची लादी, झाकण. एकदम बारा होतात. खरपूसपणा शून्य, पण लुसलुशीत, आणि शाळेतून येणाऱ्या मुलांना एका हातात मावतो.

तव्यांची व्यवस्था आज पक्की केली. शाकाहारी तवा उजवीकडे, चिकनचा डावीकडे, मध्ये पत्र्याची आड. कलथ्यांच्या दांड्यांना हिरवा आणि लाल रंग. बन भाजायचा तवा तिसरा, वेगळा. कच्च्या खिम्याला लागलेला हात कांद्याच्या परातीत जाता कामा नये, म्हणून चिकनवर एक माणूस स्वतंत्र. खर्च वाढला. दादा कुरकुरला नाही. त्याच्या बेकरीत सकाळी पाव घ्यायला येणारी निम्मी घरं शाकाहारी आहेत, ती तव्याकडेच बघणार.

४ जुलै, कांदेनवमी
चारला सुरू. पाऊस होता. पहिली गिऱ्हाइकं गल्लीतलीच, त्या पाच-सहा घरांतली. एका आजींनी शाकाहारी घेतला, बन बाजूला काढला, कांद्याची चकती आधी खाल्ली, मग बाकीचं. "आता थेट कार्तिकात," म्हणाल्या आणि नातवासाठी एक बांधून नेला.

सहा ते आठ गर्दी. कांदा बर्गर चिकनचे ६४, खेकडा-कांदा राजम्याचे ७१, छोटे पाच लाद्या. बन कमी पडले. शेवटच्या अकरा जणांना परत पाठवावं लागलं, त्याचं वाईट वाटलं. दाबायला बटर पेपर संपला, मग वाटीच्या बुडाला तेल लावून दाबलं. चाललं.

चूक: सातच्या सुमाराला तव्यावर एकदम आठ गोळे घातले. तवा गार पडला, कांदा लाल न होता शिजत राहिला. ते आठ फिके होते. दोघांना नंतर पुन्हा बनवून दिले, बाकीचे निघून गेले होते. एका तव्यावर पाचच, ही रेघ खडूने तव्यामागच्या फरशीवर मारली आहे.

६ जुलै
एकादशी. बंद.

१३ जुलै
चातुर्मास पाळणाऱ्यांसाठी कांद्याविना. कोबी त्याच रीतीने: दीड मिलिमीटर, मीठ, सुटलेलं पाणी, बेसन. कोबीला कांद्याचा गोडवा नाही, म्हणून जिरं आणि किसलेलं थोडं गाजर. टिक्कीतही लसूण नाही. जाळी उत्तम पडते, चव साधी आहे. आजींच्या घरी दोन पाठवले.

२४ जुलै, दीप अमावास्या
चिकनचे १३८. आत्तापर्यंतचा सर्वांत मोठा दिवस, उद्यापासून श्रावण म्हणून. रात्री डावा तवा घासून, तेल लावून, कागदात गुंडाळून वर ठेवला. चिकनवरचा मुलगा महिनाभर बनवर बसेल. दादा त्याला गोळे वळायला शिकवणार आहे.

मामाचा फोन: चाळीतला कोपऱ्यातला कांदा आणखी काढावा लागला, उरलेला कोरडा आहे, दोन क्विंटल ठेवू का? ठेवा म्हटलं.

२५ जुलै
श्रावणाचा पहिला दिवस. बन ९६. राजमा तीन किलो भिजत घातला. कांदा ६० च्या जागी ५५ करून बघायचा आहे, बेसन तेवढंच ठेवून. हवेतला ओलावा वाढल्यापासून तो जास्त पाणी सोडतोय आणि चकती मधोमध मऊ राहतेय. ते जमलं नाही तर मिठाची दहा मिनिटं सहावर आणायची.